टपाली मतपत्रिकेची मुदत : अमेरिकेतील २०२० च्या न्यायनिर्णयांची चिकित्सा

मतदानकेंद्रावर जाऊन केलेल्या मतदानात मत देणे आणि मत पोहोचणे या दोन क्रिया एकाच क्षणी घडतात. पेटीत पडलेली पत्रिका तत्काळ शासनाच्या ताब्यात येते व मतदाराचे कर्तव्य तेथेच संपते. टपालाने केलेल्या मतदानात मात्र या दोन क्रियांमध्ये काही दिवसांचे अंतर पडते, आणि त्या अंतरावर ना मतदाराची सत्ता चालते ना निवडणूक अधिकाऱ्याची. ते सर्वस्वी टपालखात्याच्या स्वाधीन असते. टपाली मतपत्रिकेची मुदत ठरवणारा कायदा वरकरणी केवळ एक दिनांक व एक तास सांगतो. वस्तुतः त्या मधल्या अंतरात होणाऱ्या विलंबाचा भार कोणी सोसावयाचा, याचाच तो निवाडा असतो. मतदानाचा दिवस संपण्यापूर्वी पत्रिका कार्यालयात पोहोचलीच पाहिजे, असा नियम असल्यास हा भार मतदारावर पडतो. त्या दिवसापर्यंत ती टपालात पडली म्हणजे पुरे, असा नियम असल्यास भार शासनाकडे जातो, कारण मोजणी लांबते व निकालास उशीर होतो. विवेचनाच्या सोयीसाठी पहिल्यास प्राप्तीचा नियम व दुसऱ्यास रवानगीचा नियम म्हणता येईल.

२०२० साली कोविडच्या महासाथीत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या दोन नियमांमधील निवड न्यायालयांपुढे आली. त्या वर्षीचे निर्णय एकत्र ठेवून वाचले असता एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते. विलंबाचा भार कोणाचा, हा प्रश्न घेऊन पक्षकार न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने प्रामुख्याने उत्तर दिले ते मुदत बदलण्याचा अधिकार कोणाचा, या वेगळ्याच प्रश्नाचे. दुसरा प्रश्न गैरलागू होता असे मुळीच नव्हे. परंतु त्याने पहिल्याला झाकून टाकले, आणि ज्या मतदाराने जाहीर झालेल्या नियमावर विसंबून पत्रिका टपालात टाकली त्याचे स्थान काय, हे अनिर्णित राहिले. या उणिवेचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम कायद्याची चौकट लक्षात घेतली पाहिजे. अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील चौथ्या कलमानुसार संघीय विधिमंडळाच्या निवडणुकांची वेळ, स्थळ व पद्धती प्रत्येक राज्याचे विधिमंडळ ठरवते. मात्र काँग्रेसला त्यात फेरफार करता येतो. दुसऱ्या अनुच्छेदानुसार राष्ट्राध्यक्षाच्या निवडीसाठी नेमावयाचे निर्वाचक राज्याचे विधिमंडळ सांगेल त्या रीतीने नेमले जातात. काँग्रेसने १८४५ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या व १८७२ साली प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीसाठी देशभर एकच दिवस मुक्रर केला. टपाली पत्रिकांची मुदत मात्र राज्याराज्यांच्या कायद्यांवर राहिली. बहुसंख्य राज्यांत प्राप्तीचा नियम होता, तर अनेक राज्यांत रवानगीचा.

साधारण काळात या भेदाचा परिणाम मर्यादित होता. २०१६ साली सुमारे २१ टक्के मतदारांनी टपालाद्वारे मत दिले होते. २०२० साली हे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर गेले. एवढा भार टपालखात्यावर व स्थानिक कार्यालयांवर एकदम पडला. त्यातच काही राज्यांचे कायदे अंतर्गत विसंगतीने ग्रासलेले होते. पेनसिल्व्हेनियात मतदानाच्या आधी सात दिवसांपर्यंत, तर विस्कॉन्सिनमध्ये आधीच्या गुरुवारपर्यंत टपाली पत्रिकेसाठी अर्ज करता येत असे. आणि दोन्हीकडे पत्रिका मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत परत पोहोचणे आवश्यक होते. जुलै २०२० च्या अखेरीस टपालखात्याच्या मुख्य विधिसल्लागाराने पेनसिल्व्हेनियाला लेखी कळविले की, राज्याने घातलेल्या मुदती खात्याच्या पोहोच-वेळेशी जुळत नाहीत. अर्ज मुदतीत, पत्रिका मुदतीत टाकलेली, आणि तरीही मत बाद, अशी अवस्था कायद्यानेच संभवनीय केली होती. कायदा मतदाराला शेवटच्या आठवड्यापर्यंत दार उघडे असल्याचे सांगतो आणि त्या आठवड्यात आत आलेल्याला परतीची वाट देत नाही, अशी ही विसंगती होती.

पहिला महत्त्वाचा निर्णय विस्कॉन्सिनच्या ७ एप्रिल २०२० च्या निवडणुकीसंबंधी झाला. संघीय जिल्हा न्यायाधीश विल्यम कॉन्ली यांनी पत्रिका पोहोचण्याची मुदत १३ एप्रिलपर्यंत वाढविली व टपालाचा शिक्का कोणत्या तारखेचा असावा याचे बंधन ठेवले नाही. सर्वोच्च न्यायालयाने मतदानाच्या आदल्या दिवशी, ६ एप्रिल रोजी, पाच विरुद्ध चार मतांनी या आदेशास अंशतः स्थगिती दिली. पत्रिका १३ एप्रिलपर्यंत पोहोचल्या तरी चालतील, परंतु त्या ७ एप्रिलपर्यंत टपालात पडल्याचा शिक्का हवा, असे बहुमताने ठरविले. त्याच दिवशी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदान पुढे ढकलण्याचा गव्हर्नरांचा आदेशही रद्द केला. दुसऱ्या दिवशी मिलवॉकी शहरात नेहमीच्या सुमारे १८० मतदानकेंद्रांऐवजी केवळ पाच केंद्रे उघडी होती.

बहुमताचा आधार २००६ सालच्या पर्सेल खटल्यातून निघालेल्या तत्त्वाचा होता. निवडणूक तोंडावर आली असता संघीय न्यायालयांनी तिचे नियम बदलू नयेत, कारण अशा आदेशांनी मतदार गोंधळतो व मतदानापासून दूर राहतो, असे ते तत्त्व सांगते. तत्त्वाचा गाभा मतदाराचे हित हाच आहे, हे येथे विसरता कामा नये. प्रस्तुत प्रकरणात मात्र त्याचे उपयोजन विपरीत झाले. जिल्हा न्यायालयाचा आदेश काही दिवस आधी जाहीर झालेला होता व मतदार त्यावर विसंबलेले होते. मतदानाला काही तास उरले असता शिक्क्याची अट घातली ती सर्वोच्च न्यायालयाने, आणि ही अट राज्याच्या कायद्यातही नव्हती. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपल्या भिन्नमतात नेमके यावर बोट ठेवले. ज्यांनी वेळेवर अर्ज केला पण ज्यांच्या हाती अद्याप पत्रिका आलेलीच नाही, त्यांनी ७ एप्रिलचा शिक्का आणावा कोठून, हा त्यांचा प्रश्न होता.

बहुमताच्या बाजूने एक मुद्दा मात्र न्याय्यपणे मान्य करावा लागतो. मत उशिरा पोहोचणे व मत उशिरा देणे या भिन्न गोष्टी आहेत. शिक्क्याची अटच नसेल तर मतदानाचा दिवस उलटल्यावरही मत देता येईल, आणि त्यामुळे निवडणुकीचे स्वरूपच पालटेल, हा आक्षेप निराधार नव्हता. या दृष्टीने पाहता बहुमताने नकळत रवानगीचा नियमच मान्य केला होता. मुदतवाढ स्वतः त्या वेळी सर्वोच्च न्यायालयापुढे वादग्रस्त नव्हती, आणि तिच्यामुळे मतदानाच्या दिवसानंतर पोहोचलेल्या सुमारे ८० हजार पत्रिका मोजल्या गेल्या. विलंबाचा भार मतदारावरून काढला असता निवडणूक कोलमडत नाही, याचा हा प्रत्यक्ष दाखला होता. पुढील वादात या दाखल्यास मिळावयास हवे होते तेवढे वजन मिळाले नाही.

पर्सेलच्या तत्त्वाचे स्वरूप भारतीय अभ्यासकाला तुलनेने अधिक स्पष्ट होईल. भारतीय संविधानाच्या ३२९ (ब) या अनुच्छेदाने निवडणूक चालू असताना तिला न्यायालयात आव्हान देण्यास मनाई केली असून, १९५२ च्या पोन्नुस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिचा व्यापक अर्थ लावला आहे. ही मर्यादा लिखित आहे व निवडणुकीपूर्वीच सर्वांना ठाऊक असते. अमेरिकेतील मर्यादा न्यायाधीशनिर्मित आहे. ती केव्हा सुरू होते, किती दिवस आधी लागू पडते आणि राज्यांच्या न्यायालयांना लागू आहे काय, हे प्रत्येक अर्जाच्या वेळी नव्याने ठरते. मर्यादा जितकी अलिखित, तितका ती लावताना कारणे देण्याचा भार अधिक असावयास हवा.

पेनसिल्व्हेनियाच्या प्रकरणात वादाचे स्थान बदलले. १७ सप्टेंबर २०२० रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्राप्तीची मुदत ३ नोव्हेंबरच्या रात्री आठवरून ६ नोव्हेंबरच्या सायंकाळी पाचपर्यंत नेली. निवडणुका मुक्त व समान असाव्यात, हे राज्यघटनेतील वचन त्यास आधारभूत धरले गेले. मुदतीचा नियम स्वभावतः अवैध नाही, तथापि महासाथ व टपालाची गती या विशिष्ट परिस्थितीत तो तसाच लागू केला तर मतदार मताला मुकतो, अशी त्या निर्णयाची मांडणी होती. विलंबाच्या भाराचा प्रश्न येथे सरळ हाताळला गेला, हे या निर्णयाचे मोठे बलस्थान होय. त्याची दुर्बल बाजूही दुर्लक्षण्याजोगी नाही. ज्या पत्रिकेवर शिक्का नाही किंवा तो वाचता येत नाही, ती उलट पुरावा नसल्यास वेळेवर टाकली असे गृहीत धरावे, असे न्यायालयाने सांगितले. ज्या नियमाचे समर्थन रवानगीच्या तारखेवर उभे आहे, त्यात रवानगीचा पुरावाच वैकल्पिक झाला तर प्रतिपक्षाच्या संशयाला जागा मिळते.

या निर्णयास स्थगिती देण्याच्या अर्जावर १९ ऑक्टोबर रोजी संघीय सर्वोच्च न्यायालय चार विरुद्ध चार असे विभागले गेले. गिन्सबर्ग यांचे १८ सप्टेंबरला निधन झाले होते व त्यांची जागा रिक्त होती. समसमान मतांमुळे स्थगिती नाकारली गेली. आदेशाबरोबर कारणमीमांसेचा एक शब्दही नव्हता. मोठ्या लोकसंख्येच्या व निर्णायक समजल्या जाणाऱ्या राज्यातील मुदतीचा निर्णय केवळ मतांच्या संख्येवरून वाचावा लागावा, ही न्यायप्रक्रियेच्या दृष्टीने असमाधानकारक गोष्ट होती. तातडीच्या अर्जांवर संक्षिप्त आदेश देण्याची प्रथा जुनी असली, तरी ज्या आदेशावर लक्षावधी मतदारांना आपले वर्तन बेतावयाचे असते तो निःशब्द असू नये.

कारणे कळली ती आठवड्यानंतर. विस्कॉन्सिनच्या नोव्हेंबरमधील निवडणुकीसाठी न्यायाधीश कॉन्ली यांनी, ३ नोव्हेंबरपर्यंत टपालात पडलेल्या पत्रिका ९ नोव्हेंबरपर्यंत स्वीकाराव्यात, असा आदेश दिला होता. सातव्या विभागाच्या अपील न्यायालयाने तो स्थगित केला आणि २६ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी ती स्थगिती कायम ठेवली. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी दोन प्रकरणांतील भेद थोडक्यात सांगितला : पेनसिल्व्हेनियात राज्याचे न्यायालय आपल्याच राज्यघटनेचा अर्थ लावीत होते, तर विस्कॉन्सिनमध्ये संघीय न्यायालय राज्याच्या कायद्यात हात घालीत होते. संघराज्याच्या तत्त्वानुसार हा भेद सुसंगत आहे. त्याचा व्यावहारिक परिणाम मात्र असा की, एकच रोग, एकच टपालखाते व एकच मतदानदिन असताना ४ नोव्हेंबरला पोहोचलेली पत्रिका एका राज्यात निदान तात्पुरती ग्राह्य व दुसऱ्यात सपशेल अग्राह्य ठरली. संघराज्यात राज्यागणिक नियम भिन्न असणे स्वाभाविक आहे. येथे ज्यामुळे फरक पडला तो मतदाराच्या अडचणीचा न्यूनाधिकपणा नसून दाद कोणत्या दारी मागितली गेली हा योगायोग होता.

याच निर्णयातील न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ व न्यायमूर्ती एलेना केगन यांची मते विद्यार्थ्यांनी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. मतदानाच्या दिवसानंतर हजारो पत्रिका येत राहिल्या व त्यांनी निकाल फिरविला तर गोंधळ माजेल आणि गैरप्रकाराचा संशय बळावेल, म्हणून राज्यांनी प्राप्तीचा नियम ठेवणे वाजवी आहे, असे कॅव्हनॉ यांचे प्रतिपादन होते. केगन यांचे उत्तर तार्किकदृष्ट्या अधिक समर्थ होते : सर्व वैध मते मोजली जाईपर्यंत निकालच अस्तित्वात नसतो, मग तो फिरतो म्हणणे अर्थशून्य आहे. मतदानाच्या रात्री प्रसारमाध्यमे जे आकडे सांगतात तो अंदाज होय. त्याला निकालाची प्रतिष्ठा देऊन त्याच्या स्थैर्यासाठी वैध मतांचा बळी देणे हे कार्यकारणाची उलटापालट करणे होय.

तथापि केगन यांच्या पक्षालाही एक कठीण प्रश्न टाळता येत नव्हता, आणि तो न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी उपस्थित केला. कोणतीही मुदत घातली तरी कोणीतरी तिच्या पलीकडे राहणारच. ३ नोव्हेंबरऐवजी ९ नोव्हेंबर केले तर १० तारखेच्या पत्रिकेला कोणते उत्तर द्यावे? केवळ दिवसांच्या मोजणीने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. उत्तर मिळते ते रेषा कशाचे मोजमाप करते, हे पाहिल्याने. ३ नोव्हेंबरची रेषा मतदाराच्या कृतीला लावली तर ती त्याच्या हाती असलेल्या गोष्टीचे मोजमाप करते. तीच रेषा टपालाच्या पोहोचीला लावली तर ती त्याच्या हाती नसलेल्या गोष्टीचे मोजमाप करते. ९ नोव्हेंबरची दुसरी रेषा शासनाच्या सोयीसाठी असून ती टपालाच्या ज्ञात गतीवरून ठरविता येते. विस्कॉन्सिनमध्ये पत्रिका मतदाराकडे जाऊन परत येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, असे जिल्हा न्यायालयापुढील नोंदीवरून दिसत होते. या रेषेच्या पलीकडे राहणारे असतीलच, परंतु त्यांची संख्या विरळ होईल. मतदारावरील ओझे व राज्याचे हितसंबंध यांचा तोल पाहण्याची जी कसोटी १९८३ च्या अँडरसन व १९९२ च्या बर्डिक या खटल्यांनी घालून दिली आहे, ती प्रामाणिकपणे लावावयाची तर हाच भेद केंद्रस्थानी यावयास हवा होता.

विसंबून राहिलेल्या मतदाराची उपेक्षा सर्वाधिक तीव्रतेने दिसली ती मिनेसोटात. तेथे ऑगस्ट २०२० मध्ये राज्याच्या न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने सात दिवसांची वाढ दिली होती व मतदारांना ती कळविण्यात आली होती. मतदानाला पाच दिवस उरले असता, २९ ऑक्टोबर रोजी, आठव्या विभागाच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ही तडजोड बहुधा घटनाबाह्य असल्याचे सांगून उशिरा येणाऱ्या पत्रिका वेगळ्या ठेवण्यास फर्माविले. विधिमंडळाव्यतिरिक्त अन्य कोणास मुदत बदलता येत नाही, हा तर्क होता. आदल्याच दिवशी नॉर्थ कॅरोलिनाच्या निवडणूक मंडळाने दिलेली तशीच वाढ रोखण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला होता. मिनेसोटातील ज्या मतदाराने जाहीर नियमावर भरवसा ठेवून त्या आठवड्यात पत्रिका टपालात टाकली, तिला परत बोलावण्याचा उपाय त्याच्याजवळ नव्हता. पर्सेलचे तत्त्व ज्या गोंधळापासून संरक्षण देऊ पाहते, तोच गोंधळ येथे न्यायालयीन आदेशाने निर्माण झाला.

प्रत्यक्ष निवडणुकीत हा सारा वाद संख्येच्या दृष्टीने निर्णायक ठरला नाही. पेनसिल्व्हेनियात वाढीव तीन दिवसांत सुमारे १० हजार पत्रिका आल्या. विजयी उमेदवाराचे मताधिक्य सुमारे ८० हजारांचे होते. न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी ६ नोव्हेंबरला या पत्रिका वेगळ्या ठेवण्याचा आदेश दिला होता आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रमाणित बेरजेत त्या धरल्या गेल्या नाहीत. २२ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकण्यासच नकार दिला. थॉमस, अलिटो व गोर्सच या तिघा न्यायमूर्तींनी त्यास विरोध नोंदविला. निवडणूक शांतपणे पार पडल्यावर, कोणाचेही आसन डळमळत नसताना, नियम स्पष्ट करण्याची संधी दवडू नये, हे त्यांचे म्हणणे त्यांच्या अन्य मतांशी असहमत असलेल्यासही पटण्यासारखे आहे.

अधिकाराच्या प्रश्नास अखेर २७ जून २०२३ रोजी मूर विरुद्ध हार्पर या खटल्यात बरेचसे उत्तर मिळाले. निवडणुकीचे नियम करताना राज्याचे विधिमंडळ राज्यघटनेच्या व राज्याच्या न्यायालयांच्या कक्षेबाहेर जात नाही, असे सहा विरुद्ध तीन मतांनी ठरले. मात्र राज्यांच्या न्यायालयांनी न्यायिक परीक्षणाची सामान्य मर्यादा ओलांडू नये, असेही बजावण्यात आले. झाकला गेलेला पहिला प्रश्न यानंतर दुसऱ्या वाटेने पुन्हा वर आला. मिसिसिपीच्या विधिमंडळाने २०२० साली स्वतःच कायदा करून, मतदानाच्या दिवसापर्यंत टपालात पडलेल्या पत्रिकांना पोहोचण्यासाठी कामकाजाचे पाच दिवस दिले होते. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयाने ही सवलत संघीय मतदानदिनाच्या कायद्याशी विसंगत ठरविली. मत देणे व मत पोहोचणे या दोन्ही क्रिया त्या दिवशी पूर्ण झाल्याखेरीज निवडणूक पूर्ण होत नाही, असा त्या निर्णयाचा अर्थ होय. १० नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण सुनावणीस घेतले.

या प्रकरणाने २०२० च्या युक्तिवादांवर मार्मिक प्रकाश पडतो. विस्कॉन्सिनमध्ये विधिमंडळाची निवड अंतिम मानावी असा आग्रह रिपब्लिकन पक्षाने धरला होता. मिसिसिपीत विधिमंडळाच्या निवडीला आव्हान देणारा पक्षही तोच आहे. याचा अर्थ दोष एकाच पक्षाचा असे नव्हे. अधिकाराचा युक्तिवाद सोयीनुसार फिरविता येतो, आणि म्हणून केवळ त्याच्यावर विसंबणारा न्यायविचार स्थिर राहू शकत नाही, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो.

सारांश, २०२० च्या निर्णयांतून घ्यावयाचा बोध मुदती सैल असाव्यात की कडक, हा नाही. विधिमंडळाने प्राप्तीचा नियम निवडला आणि अर्जाची मुदत त्याच्याशी जुळेल इतकी आधी ठेवली, तर तो नियम न्याय्य असू शकतो. आक्षेपार्ह आहे ती दोन मुदतींमधील विसंगती, आणि तिच्याकडे डोळेझाक करून केवळ अधिकाराची चर्चा करणारी न्यायपद्धती. मतदाराने पत्रिका टपालात टाकली त्या क्षणी जो नियम जाहीर होता त्यानेच त्या पत्रिकेचा निवाडा व्हावा, आणि नंतरचा बदल, मग तो कोणत्याही न्यायालयाने केलेला असो, पुढील पत्रिकांनाच लागू व्हावा, एवढे तत्त्व जरी न्यायालयांनी स्वीकारले असते तरी मिनेसोटातील मतदारांवर आलेला प्रसंग टळला असता. नियमाच्या वैधतेविषयी शंका असेल तेथे पत्रिका वेगळ्या ठेवून त्यांची स्वतंत्र मोजणी करण्याचा मार्ग उपलब्ध होता व पेनसिल्व्हेनियात तो उपयोगी पडला. मतदानदिनाच्या संघीय कायद्याचा अर्थ न्यायालय कसाही लावो, टपालातील विलंबाचा भार कोणावर, हा प्रश्न पुढील प्रत्येक निर्णयाला विचारला गेलाच पाहिजे. ज्या निर्णयात त्याचे उत्तर सापडत नाही, तो अधिकाराच्या दृष्टीने कितीही निर्दोष असला तरी अपुरा मानावा लागेल.